न लिहिता आलेला आनंद

पंडिता रमाबाईंच्या 'साक्षी'त एक जागा अशी आहे की तिथे त्यांची लेखणी अडते, आणि ती अडली हे त्या वाचकापासून लपवत नाहीत. १९०७ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून त्यांनी ही छोटी इंग्रजी पुस्तिका प्रसिद्ध केली. कधी न सरणाऱ्या ठेव्याबद्दलची साक्ष, अशा अर्थाचं तिचं नाव. लहानपण, तीर्थयात्रा, दुष्काळ, आईवडिलांचे मृत्यू, कलकत्ता, इंग्लंड, बाप्तिस्मा हे सगळं साध्या, जवळजवळ कोरड्या वाक्यांत सांगत त्या तारणाच्या अनुभवापाशी येतात. इथवर ज्या बाईने स्वतःच्या भुकेचंही वर्णन न डगमगता केलं, ती इथे वर्णन सोडून वाचकालाच प्रश्न करते. गडद अंधाराच्या खोलीत तुम्ही कधी कोंडले गेला आहात का? जिच्यावाचून चालणारच नाही अशी वस्तू त्या अंधारात चाचपडत शोधली आहे का? मग त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातला जन्मांध आठवतो. त्याला दिसू लागलं तेव्हाचा आनंद सांगणार कोण, असं म्हणून त्या एक बारीक गोष्ट टिपतात: खुद्द शुभवर्तमानकारानेही तो सांगायचा प्रयत्न केलेला नाही. मला काय वाटलं त्याची पुसटशी कल्पनाच मी देऊ शकेन, एवढं म्हणून त्या पुढे सरकतात.

या एका परिच्छेदाभोवती अख्खी पुस्तिका उभी आहे असं मला वाटतं. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात तारणाच्या आनंदाची गाणी पुष्कळ आहेत. पण आनंद शब्दांत धरता येत नाही हे कबूल करून तो वाचकापर्यंत पोचवण्याची ही रीत वेगळी आहे. ती नीट पाहावी म्हणून हे रसग्रहण.

आधी योहानाचा नववा अध्याय. तो काढून वाचला की रमाबाईंची नजर किती पक्की होती ते कळतं. अध्याय ४१ वचनांचा. येशू आंधळ्याच्या डोळ्यांना चिखल लावतो, शिलोहाच्या तळ्यात धुवायला पाठवतो, तो जातो, धुतो आणि डोळस होऊन परत येतो. हे सगळं सातव्या वचनात आटोपतं. पाण्यातून मान वर काढल्यावर त्याने आधी काय पाहिलं, स्वतःचे ओले हात, तळ्याच्या पायऱ्या की आभाळ, यातलं काहीही योहान सांगत नाही. उरलेली ३४ वचनं बहुतेक चौकशीत जातात. शेजारी विचारतात, भीक मागत बसायचा तो हाच का? परूशी विचारतात, शब्बाथाच्या दिवशी हे कोणी केलं? आईबापांना बोलावलं जातं, ते घाबरून अंग काढून घेतात. पुन्हा त्यालाच उभं करतात. बरं करणारा पापी आहे की नाही याच्या वादात तो पडत नाही, आपल्याला पूर्वी दिसत नव्हतं आणि आता दिसतं, एवढ्याच बोलण्यावर ठाम राहतो. शेवटी त्याला बाहेर घालवून देतात.

रमाबाई पुराणिकांच्या घरातल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई, भाऊ श्रीनिवास आणि त्या स्वतः, सगळ्यांनी देवळांत, घाटांवर पुराणं सांगितली होती. कुठे थांबायचं, कुठे रंगवायचं, श्रोत्याचे डोळे कुठे भरून येतील हे पुराणिकाला बरोबर कळतं. आंधळ्याला दिसलं तो क्षण एखाद्या कथेकऱ्याच्या हाती लागता तर त्याने त्यावर अख्खी संध्याकाळ घालवली असती. योहान तिथून एका पावलात पुढे गेला, हे पुराणिकाच्या मुलीच्याच लक्षात येणार. आणि ते लक्षात आल्यावर तिनेही त्याचाच मार्ग धरला.

त्याच अध्यायाच्या सुरुवातीला आणखी एक गोष्ट आहे. रमाबाई तिच्याबद्दल इथे काही बोलत नाहीत, पण 'साक्ष' वाचणाऱ्याला ती दिसल्याशिवाय राहत नाही. आंधळ्याला पाहून शिष्य गुरूला विचारतात की पाप कोणाचं, याचं की याच्या आईबापांचं? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. जन्माला चिकटून आलेलं दुःख हा कोणाच्या तरी पापाचा हिशेब असलाच पाहिजे, ही समजूत तो तिथल्या तिथे बाजूला सारतो. आता रमाबाई कुठून आल्या होत्या ते पाहा. १८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्याला पोचले. तिथल्या विद्वानांनी त्यांची परीक्षा घेऊन 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. पडद्यातल्या बायकांना शास्त्रातलं स्त्रियांचं कर्तव्य समजावून सांगा, असं त्यांना सांगण्यात आलं. त्यासाठी त्यांनी धर्मशास्त्राचे ग्रंथ वाचायला घेतले. 'साक्षी'त त्या सांगतात की हे ग्रंथ एकमेकांशी अनेक बाबतींत भांडतात, पण एका बाबतीत त्यांचं एकमत आढळलं: बाई, मग ती कोणत्याही जातीची असो, स्वभावतःच वाईट. तिला पुरुषासारखा मोक्षाचा अधिकार नाही. कर्माच्या फेऱ्यातून सुटायची तिची एकच आशा म्हणजे नवऱ्याची पूजा. शूद्राची गतही फारशी वेगळी नाही.

हे त्यांना कुणा मिशनऱ्याने सांगितलेलं नव्हतं, हा मुद्दा महत्त्वाचा आहे. ज्या विद्येसाठी कलकत्त्याने त्यांचा सत्कार केला तीच विद्या वापरून, मूळ संस्कृतातून, त्यांनी आपल्यावरचा निकाल स्वतः वाचला. ज्या बाईला अक्षरओळख नाही तिला निदान कोणीतरी सांगतं आणि ती ऐकते. त्यावर विश्वास ठेवायचा की नाही एवढी फट तिच्यासाठी उरते. रमाबाईंना ती फटही नव्हती. म्हणून पुढे ज्या आनंदाबद्दल त्या बोलतात तो भाबडा नाही. दार बंद आहे हे वाचून, पडताळून, खात्री करून घेतलेल्या माणसाचा तो आनंद आहे.

पण 'साक्षी'तला आनंद नुसता विचाराचा असता तर एवढा अंगावर आला नसता. त्याच्या पाठीशी भूक आहे. पुस्तिकेचा पूर्वार्ध मी जितक्या वेळा वाचतो तितक्या वेळा मला या मांडणीचं बळ जाणवतं. १८७४ नंतरच्या त्या दुष्काळात मद्रास इलाख्यात हे कुटुंब कसं संपत गेलं ते रमाबाई एकेक करून सांगतात. पुराणिकाने मजुरी करायची नाही, भीक मागायची नाही. देवाला प्रसन्न करायला व्रतं, प्रदक्षिणा, ब्राह्मणांना दानं हे सगळं झालं. होतं नव्हतं ते विकून झालं. मग रानात जाऊन मरावं, निदान चारचौघांत अब्रू जाणार नाही, हा निर्णय. वडिलांनी जलसमाधी घ्यायची ठरवली तेव्हा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला की मी मजुरी करतो, पण हे नको. वडील गेले, मग आई, मग थोरली बहीण. आईने मरणाच्या ग्लानीत बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागितला. रमाबाई शेजारच्या ब्राह्मण बाईच्या दारात गेल्या आणि तोंडातून शब्द फुटेना, कारण या घराने कधी मागितलं नव्हतं. भाकरी मिळाली, पण आई वाचली नाही.

उरले दोघे भाऊबहीण. अनवाणी, अंगावर धड पांघरूण नाही, उत्तरेकडे चालत. झेलमच्या काठी थंडी सोसवेना तेव्हा दोघांनी वाळूत थडग्यासारखे दोन खड्डे खणले, त्यांत शिरले आणि डोकं बाहेर ठेवून अंगावर वाळू ओढून घेतली. रमाबाई हे दोन-तीन वाक्यांत सांगतात. त्यात दयेची याचना नाही. वीस वर्षांची सुद्धा नसलेली मुलगी आणि तिचा भाऊ ऊब मिळावी म्हणून स्वतःला पुरून घेतात, आणि सांगणारी पुढच्या वाक्यात पुढच्या गावाला निघते. तारणाचा आनंद सांगता येत नाही असं म्हणणारी बाई हीच आहे. शब्दांची तिला कमतरता नाही हे वाचकाला तोवर पुरतं कळलेलं असतं. म्हणून तिथलं मौन आपण गंभीरपणे घेतो.

या पूर्वार्धात मला सगळ्यांत जास्त थांबवणारी जागा वडिलांच्या शेवटाची आहे. अनंतशास्त्री तेव्हा आंधळे झाले होते, अंगात त्राण नव्हतं. त्यांनी धाकट्या मुलीला घट्ट छातीशी धरलं आणि सांगितलं की तू माझी सर्वांत धाकटी, सर्वांत लाडकी. मी तुला देवाच्या हाती दिलं आहे, तू त्याचीच आहेस, जन्मभर त्याचीच सेवा कर. रमाबाई पुढे म्हणतात की वडिलांना तो खरा देव माहीत नव्हता, पण जो त्यांना अज्ञात होता त्याचीच त्यांनी मनापासून सेवा केली, आणि त्यांची ती प्रार्थना ऐकली गेली. धर्मांतराच्या साक्षींमध्ये पूर्वीच्या घराला अंधार ठरवून त्याच्याकडे पाठ फिरवायची पद्धत आहे. रमाबाईही जुन्या धर्माबद्दल कठोर बोलतात, काही ठिकाणी फारच कठोर. पण ज्या माणसाने बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून समाजाचा रोष ओढवून घेतला, उडुपीच्या धर्माचार्यांपुढे आपली बाजू मांडली आणि गंगामूळच्या रानात संसार थाटला, त्या माणसाचा हात त्या सोडत नाहीत. स्वतःच्या तारणाचा धागा त्या वडिलांच्या त्या अखेरच्या मिठीपर्यंत मागे नेतात. त्यांच्या आनंदात वडिलांना जागा आहे. आंधळ्या बापाच्या कुशीतल्या मुलीने पुढे जन्मांधाची गोष्ट आपली म्हणून उचलावी हा योग त्यांनी मुद्दाम जुळवलेला नसावा. पण वाचताना तो मनात जुळतोच.

आता बाप्तिस्मा आणि हा आनंद यांमधल्या आठ वर्षांबद्दल, कारण तिथेच 'साक्ष' इतर साक्षींपासून वेगळी होते. बाप्तिस्मा १८८३ च्या २९ सप्टेंबरचा, इंग्लंडमधल्या वाँटेज इथे. त्याआधी बरंच काही घडून गेलं होतं. कलकत्त्यात ख्रिस्ती लोकांची प्रार्थना पहिल्यांदा पाहिली तेव्हा गुडघे टेकलेली माणसं समोरच्या खुर्च्यांनाच नमस्कार करताहेत असं त्यांना वाटलं होतं. भाऊ वारला. बिपिन बिहारी मेधावींशी लग्न झालं. सिल्चरच्या घरातल्या पुस्तकांत लूकचं शुभवर्तमान बंगालीत सापडलं. १८८२ च्या फेब्रुवारीत पती कॉलऱ्याने गेले, पदरी लहानगी मनोरमा. पुण्याला आल्यावर आर्य महिला समाज, मग इंग्लंडचा प्रवास. तिथे फुलहॅमच्या आश्रमात 'पतित' समजल्या गेलेल्या बायकांना प्रेमाने सांभाळणाऱ्या ख्रिस्ती जोगिणी त्यांनी पाहिल्या आणि विचारलं की तुम्ही यांच्यासाठी हे का करता? उत्तर म्हणून त्यांना विहिरीवरच्या शमरोनी बाईची गोष्ट वाचून दाखवली गेली. हाच ख्रिस्त हिंदुस्थानातल्या बायकांना वर उचलू शकेल हे तेव्हा मनाला पटलं.

पटलं, बाप्तिस्मा झाला, आणि आनंद मात्र आला नाही. हे त्या स्पष्ट लिहितात. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचं त्यांचं म्हणणं आहे. मधली वर्षं त्यांनी गप्प बसून काढली नाहीत. त्यांच्या धर्ममाता सिस्टर जेराल्डिन आणि चेल्टनहॅमच्या शिक्षणतज्ज्ञ डोरोथिआ बील यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार प्रसिद्ध आहे. त्रैक्याबद्दल, मतांगीकाराबद्दल, चर्चच्या अधिकाराबद्दल त्या निकराने वाद घालतात. एका पुरोहितवर्गाचं जू मी मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवलं आहे, लगेच दुसरं चढवून घ्यायची माझी तयारी नाही, हे त्यांनी आपल्या धर्ममातेलाच बजावलं. मग अमेरिका, 'हाय कास्ट हिंदू वुमन' हे पुस्तक, १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन, पुढच्या वर्षी सदन पुण्यात. जगाच्या नजरेने पाहिलं तर यशाची वर्षं. आतून मात्र त्या अजून चाचपडत होत्या.

अशात त्यांच्या हाती विल्यम हॅस्लम या इंग्रज धर्मगुरूचं 'फ्रॉम डेथ इन्टू लाइफ' हे आत्मचरित्र आलं. हा हॅस्लम कॉर्नवॉलमधला पाळक. वर्षानुवर्षं उपदेश करत होता, देऊळ बांधलं, उपासना चालवल्या, आणि १८५१ साली एकदा स्वतःच्याच प्रवचनाच्या मध्यावर त्याला आपल्या तारणाचा अनुभव आला. पाळकाचंच परिवर्तन झालं म्हणून समोरच्या लोकांनी एकच जल्लोष केला, अशी ती प्रसिद्ध घटना आहे. बाप्तिस्मा घेतलेल्या, ख्रिस्ती म्हणून जगाला ठाऊक असलेल्या, तरीही आत रिकामेपण असलेल्या रमाबाईंना नेमकं हेच पुस्तक भिडावं, यात नवल नाही. आत शिरल्यावरही शोध संपलेला नसू शकतो, हे सांगणारा सोबती त्यांना त्यात भेटला असणार.

आणि मग ती जागा येते, १८९१ च्या सुमाराची. रमाबाई तिथे मोशेच्या काळची गोष्ट आठवतात. रानात इस्राएल लोकांना विषारी साप चावले, माणसं मरू लागली, तेव्हा मोशेने खांबावर पितळी साप टांगला. ज्याने त्याच्याकडे पाहिलं तो जगला. तसंच मी वधस्तंभावर उंचावलेल्या देवाच्या पुत्राकडे पाहिलं, असं त्या म्हणतात. इथे क्रियापद एकच आहे, पाहणं. या बाईच्या घराने आयुष्यभर काय काय केलं होतं ते आठवा: हजारो श्लोक पाठ केले, दक्षिणेपासून काश्मीरपर्यंत तीर्थं पायी केली, उपास केले, दक्षिणा दिल्या, शेवटचं पितळेचं भांडंही राखलं नाही. करण्यात त्यांनी कुठे कमतरता ठेवली नव्हती. साप चावलेला माणूस यातलं काही करू शकत नाही. तो जमिनीवर पडलेला असतो आणि फार तर मान वळवू शकतो. रमाबाईंना जे सापडलं ते एवढंच होतं की तेवढं पुरतं. जन्मांधाचा दाखला आणि पितळी सापाचा दाखला दोन वेगवेगळ्या पुस्तकांतले, पण दोन्ही डोळ्यांचे आहेत. एकाला डोळे मिळतात, दुसरा असलेल्या डोळ्यांनी वर पाहतो. मध्ये माणसाच्या कर्तबगारीला जागाच उरत नाही.

इथवर कोणत्याही सुवार्तिक साक्षीत हे असंच येईल, हे मान्य. पण लगेच पुढे रमाबाईंच्या गद्याची ठेवणच बदलते. इतका वेळ समजुतीने, क्रमाने चाललेली वाक्यं एकदम उद्गारांत फुटतात. किती चांगलं, शब्दांत न सांगता येण्याइतकं चांगलं, आणि माझ्यासाठी: एका बाईसाठी, हिंदुस्थानात जन्मलेल्या, ब्राह्मणांत जन्मलेल्या, त्यांच्या शास्त्रांनी जिच्यासाठी आशेचा किरण ठेवला नाही अशा बाईसाठी! ख्रिस्ताने हे तारण एखाद्या जातीला किंवा पुरुषांना राखून ठेवलेलं नाही. त्यासाठी जात लागत नाही, पुरुषाचा जन्म लागत नाही, कर्म लागत नाही, पैसा लागत नाही. फुकट आहे. माझ्या वाचनात तारणाच्या आनंदाचा असा तपशीलवार हिशेब दुसरीकडे आलेला नाही. इतरांच्या साक्षींत माणूस आपल्या पापांची यादी देतो आणि ती पुसली गेली म्हणून हर्ष करतो. रमाबाईंना पापाची जाणीव आहेच, पण त्यांचा आनंद उसळतो तो दुसऱ्याच ठिकाणी. कलकत्त्यात धर्मशास्त्र वाचताना जी अपात्रतेची कलमं त्यांनी एकेक करून नोंदवली होती, ती त्याच क्रमाने त्या इथे खोडत जातात. विदुषीचं टिपण आणि भक्ताचा हर्ष एकाच वाक्यात आले आहेत. पुस्तिकेतलं हे सर्वांत सुंदर पान आहे असं मला ठामपणे वाटतं.

मराठी वाचकाच्या मनात इथे एक प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. जनाबाई, कान्होपात्रा, सोयराबाई, बहिणाबाई यांच्या भूमीत बाईला मोक्षाचा दरवाजा बंद होता असं कसं म्हणायचं? पंढरीच्या वाटेवर तो शतकांपूर्वी उघडला नव्हता का? याचं उत्तर रमाबाईंच्या बालपणात आहे. त्यांचं घर मराठी बोलणारं, पण वाढ कर्नाटकातल्या रानात आणि तीर्थांच्या वाटांवर झालेली. वडिलांचा सगळा कटाक्ष संस्कृतावर. भजनी मंडळीत बसून अभंग कानांवर पडावेत असं ते आयुष्य नव्हतं. त्यांनी ज्यांच्याशी झगडा केला ते ग्रंथ संस्कृतातले होते. नारायण वामन टिळकांशी तुलना केली की हे स्पष्ट होतं. रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनाने दिलेला नवा करार वाचून १८९५ साली बाप्तिस्मा घेणारे टिळक, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं सांगत. त्यांच्या ख्रिस्ती अभंगांत आनंद आहे तो ओळखीच्या घरी पोचल्याचा. कीर्तन तेच, टाळ तेच, आळवणी तीच. रमाबाईंना असा पूल नव्हता. म्हणून त्यांच्या आनंदात लय कमी आहे आणि धक्का जास्त. टिळकांचं गाणं होतं, रमाबाईंची जबानी होते. दोन्हींना आपापली जागा आहे. पण जबानीत जी धार असते ती मला अधिक जवळची वाटते.

दुसरी शंका अभ्यासकांची. अंधार, शोध, प्रकाश हा एकोणिसाव्या शतकातल्या सुवार्तिक साक्षींचा ठरलेला साचा आहे, रमाबाईंनी तो उचलला, असं म्हटलं जातं. साचा उचलला हे खरं आहे, आणि पुस्तिकेचे वाचक प्रामुख्याने इंग्लंड-अमेरिकेतले मदतकर्ते होते हेही खरं. पण साच्यात ओतलेलं द्रव्य पाहायला नको का? झेलमकाठची वाळू त्या साच्यात आधी कुठे होती? खुर्चीला नमस्कार करणारी माणसं कुठे होती? आणि आनंद कधी आला याची तारीख, वार, घटका सांगून भाव वाढवायची त्या साहित्यातली सवय रमाबाईंनी उचललीच नाही. त्या वर्षांच्या हिशेबाने बोलतात, क्षणाचं नाट्य रंगवत नाहीत.

जन्मांधाच्या गोष्टीचा उत्तरार्धही त्यांच्या वाट्याला आला. दिसू लागल्यावर चौकशी सुरू झाली. शारदा सदनात कोणावरही धर्माची सक्ती नव्हती, पण रमाबाई स्वतः प्रार्थनेला बसत ती खोली उघडी असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. आनंद दार लावून घेऊन भोगायचा हे त्यांना जमणारं नव्हतं. पुण्यात वादळ उठलं, 'केसरी'ने हल्ला चढवला, आणि १८९३ साली रानडे-भांडारकरांसारख्या हितचिंतकांनीही सल्लागार मंडळ सोडलं. ज्यांनी त्यांचं कौतुक केलं होतं त्याच समाजाने त्यांना बाहेर काढलं. 'साक्षी'त या प्रकरणाबद्दल कडवटपणा फार थोडा आहे. मुली काढून नेल्या गेल्या, सदन चालू राहिलं, एवढ्यावर भागतं. योहानाचा तो माणूसही बाहेर काढल्यावर तक्रार करताना दिसत नाही.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ मध्ये त्या मध्य प्रांतात गेल्या. १८९९-१९०० च्या दुष्काळात तर राजपुताना आणि गुजरात होरपळून गेले.  गुजरातेतून शेकडो मुली रमाबाईंच्या केडगावच्या वसाहतीत आल्या. हाडांचे सापळे, अंगावर खरूज, डोक्यात उवा, कोणी लुटलेल्या, कोणी विकल्या गेलेल्या. स्वतः जंगलातली पानं खाऊन राहिलेल्या बाईने त्यांना आत घेतलं. त्या वसाहतीला नाव दिलं मुक्ती. १९०५ च्या जूनमध्ये तिथे जे घडलं त्याला मराठी ख्रिस्ती लोक संजीवन म्हणतात. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या, रडल्या, मग हसल्या, टाळ्या वाजवल्या, नाचल्या. पाश्चात्त्य पाहुण्यांपैकी काहींना हा गोंधळ वाटला. रमाबाईंनी आपल्या 'मुक्ती प्रेअर-बेल' या पत्रकातून मुलींची बाजू घेतली: या देशातल्या लेकरांनी आपल्या रीतीने आनंद करावा, त्याला इंग्लंडच्या शिस्तीचं कुंपण कशाला? स्वतः त्या नाचणाऱ्यांतल्या नव्हत्या. स्वभाव अखेरपर्यंत विदुषीचाच, शांत, आवरलेला. जो आनंद त्यांना स्वतःला लिहिता आला नाही तो त्या पोरींच्या अंगांतून बाहेर पडताना त्यांनी अडवला नाही. 'साक्ष' दोनच वर्षांनी निघाली. तिच्यातला तो थबकलेला परिच्छेद वाचताना मला ही प्रार्थनेची गर्दी पाठीमागे ऐकू येते.

'साक्ष' लिहीत होत्या त्या काळात त्या दुसरंही एक काम करत होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून मूळ भाषांतून बायबलचं मराठी करायचं काम. चालू मराठी बायबल त्यांना संस्कृत शब्दांनी जड झालेलं वाटे. गावातल्या अर्धशिक्षित बाईला ते वाचून समजलं पाहिजे, असा त्यांचा हट्ट. ज्या शब्दसंपत्तीवर कलकत्त्याने 'सरस्वती' म्हटलं ती संपत्ती हातची बाजूला ठेवून त्या सोपा शब्द शोधत बसल्या. हे केवळ भाषेचं धोरण म्हणून पाहणं मला पुरेसं वाटत नाही. त्यांचा आनंद ज्या शोधातून आला तो शोधच असा होता की हे फुकट आहे, याला अधिकार लागत नाही. मग ते वाचायला तरी पंडित असण्याची अट का असावी? मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका आणि मुली या तिथल्याच होत्या, दुष्काळातून आलेल्या, इथेच अक्षरं शिकलेल्या. १९२१ च्या जुलैत मनोरमा गेली, एकुलती एक. रमाबाई काम करत राहिल्या. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या तेव्हा भाषांतर पुरं झालेलं होतं, आणि १९२४ साली अख्खं मराठी बायबल केडगावच्या त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. योहानाचा नववा अध्यायही त्यात आहे. जन्मांधाला दिसू लागल्याचं ते अर्धं वाक्य रमाबाईंनी आपल्या हाताने मराठीत आणलं, आणि वर्णनाचा एक शब्दही वाढवला नाही.